चांगल्या वेळची ओळख

सलोखा कोणी निर्माण करायचा, असा प्रश्न निघाला की आपली नजर आपोआप वर जाते. मंत्र्यांनी काही करावे, आमदारांनी करावे, उलेमांनी, संपादकांनी, विचारवंतांनी करावे, असे आपण म्हणतो. त्यांनी करायला हवेच. पण सामान्य माणसाच्या रोजच्या आयुष्यात मंत्री येत नाही. तिथे बीटवरचा हवालदार येतो. लसीची पेटी खांद्याला अडकवून आशाताई येते. महापालिकेच्या दवाखान्यातली सिस्टर, रेशन कार्यालयातला कारकून, अंगणवाडीची सेविका, एसटीचा कंडक्टर आणि शाळेतला मास्तर येतो. सामान्य माणसाच्या लेखी सरकार म्हणजे हीच माणसे. घटनेत लिहिलेली समता खरी की खोटी, याचा निवाडा मोहल्ल्यातला माणूस दिल्लीकडे पाहून करत नाही. दवाखान्याच्या खिडकीवर आपल्या अम्मीशी कोण कसे बोलले, यावरून तो करतो.

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळांत शिकवणारे शिक्षकही याच माणसांत मोडतो. म्हणून हा प्रश्न आम्हाला दुरून पाहता येत नाही. वेगवेगळ्या धर्मांची, भाषांची, जातींची माणसे जिथे दाटीने राहतात, तिथे अशा कर्मचाऱ्याचे नैतिक कर्तव्य नेमके काय? त्याने नियमाप्रमाणे सर्वांना सारखे वागवले म्हणजे त्याची जबाबदारी संपली का? आणि संपत नसेल, तर उरलेले काम करायला त्याला मदत कोणी करायची?

पहिले उत्तर सरळ आहे. कर्मचाऱ्याने निःपक्षपाती असावे. हा हिंदू, तो मुसलमान, हा दलित, तो परप्रांतीय असा भेद त्याने करू नये. हे उत्तर बरोबर आहे आणि इतकेसुद्धा पुष्कळदा घडत नाही, हेही खरे आहे. १९७० च्या दंगलींची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती मादन आयोगाने आणि १९९२-९३ च्या मुंबई दंगलींची चौकशी करून १९९८ मध्ये अहवाल देणाऱ्या न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाने, दोघांनीही पोलिसांच्या पक्षपातावर बोट ठेवले. तेव्हा निःपक्षपातीपणाला क्षुल्लक म्हणण्याची चूक कोणी करू नये.

पण निःपक्षपातीपणाचेही दोन प्रकार आहेत. एक माणूस सर्वांपासून सारखाच दूर राहतो, दुसरा सर्वांच्या सारखाच जवळ जातो. कागदावर दोघेही समान न्याय करणारे. मात्र अफवेच्या रात्री दोघांचा उपयोग सारखा होत नाही. सर्वांपासून दूर असलेल्या अधिकाऱ्याकडे काठी असते, हुकूम असतो, पण त्याच्या शब्दावर विश्वास ठेवायला कोणाकडे काही कारण नसते. "तसे काही घडलेले नाही, घरी जा," हे वाक्य कोण उच्चारतो आहे यावर शेकडो लोक घरी जातील की रस्त्यावर येतील, हे ठरते.

दूर राहण्याचा आणखी एक तोटा आहे आणि आमच्या मते तो सर्वांत मोठा आहे. या सर्व कर्मचाऱ्यांची लोकांशी गाठ पडते ती लोकांच्या वाईट वेळी. पोलीस ठाण्यात माणूस जातो तो आरोपी म्हणून किंवा फिर्यादी म्हणून. दवाखान्यात तो कण्हत जातो. शाळेत बाप येतो ते मुलगा नापास झाला किंवा मारामारी केली म्हणून. साताऱ्याच्या किंवा बीडच्या एखाद्या खेड्यातला तरुण भरती होऊन शहरात शिपाई होतो. गावात त्याचा मुसलमानांशी फारसा संबंध आलेला नसेल, तर त्याला जवळून दिसणारा पहिला मुसलमान कोण? बहुधा कोठडीतला. आणि मोहल्ल्यातल्या पोराला जवळून दिसणारा पहिला मराठी हिंदू कोण? बहुधा गाडीचे कागद मागणारा तोच शिपाई. दोघेही मनात चित्र रंगवतात आणि ते चित्र म्हणजे सबंध समाज असे मानून चालतात. त्यांच्यापैकी कोणी खोटे बोलत नाही. त्यांनी जे पाहिले ते खरेच असते, फक्त ते वाईट वेळी पाहिलेले असते. चांगल्या वेळी एकमेकांना पाहण्याची सोय कोणी केलेलीच नसते.

ही सोय करता येते, याचे उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे. यंत्रमागांचे गाव भिवंडी. ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीत तिथे दंगल उसळली आणि तिची आग जळगाव, महाडपर्यंत गेली. १९८४ च्या मे महिन्यात भिवंडी पुन्हा पेटली आणि मुंबईही पेटली. त्यानंतर १९८८ मध्ये सुरेश खोपडे हे पोलीस उपायुक्त म्हणून भिवंडीत आले. दंगलीचा धोका दिसू लागला की शांतता समितीची बैठक बोलवायची आणि गावातल्या बड्या मंडळींनी हारतुरे घेऊन भाषणे करायची, ही जुनी रीत. खोपड्यांनी वेगळा मार्ग धरला. मोहल्ल्या-मोहल्ल्यांत त्यांनी सुमारे ७० समित्या उभ्या केल्या. त्यांत दोन्ही समाजांची माणसे एकत्र बसत, आणि ती पुढारी नसून कामगार, दुकानदार, शिक्षक अशी साधी माणसे असत. पोलीसही बसत. बैठका दंगलीची वाट पाहत नसत, एरवीही होत. विषय असत नळाचे, गटाराचे, शेजाऱ्या-शेजाऱ्यांच्या भांडणाचे. गटाराच्या गोष्टी करता करता हवालदाराला मोहल्ल्यातली माणसे नावानिशी माहीत झाली आणि मोहल्ल्याला हवालदार माहीत झाला.

६ डिसेंबर १९९२ रोजी बाबरी मशीद पाडली गेली. त्या डिसेंबरात आणि पुढच्या जानेवारीत मुंबई जळत होती, तेव्हा जवळच असलेली भिवंडी शांत राहिली. ज्या गावाचे नाव दंगलीशी जोडूनच घेतले जात होते, ते गाव त्या वेळी पेटले नाही. मुंबई जळाली आणि भिवंडी का जळाली नाही, हा प्रश्न पुढे खोपड्यांनी आपल्या पुस्तकातही मांडला. दंगलीनंतर मुंबईतही १९९४ पासून मोहल्ला समित्यांची चळवळ सुरू झाली. तेव्हाचे पोलीस आयुक्त सतीश सहानी, माजी पोलीस अधिकारी ज्युलिओ रिबेरो आणि सुशोभा बर्वे यांनी तिला आकार दिला. मोहल्ल्यातली पोरे आणि पोलीस यांचे क्रिकेटचे सामने होऊ लागले. ज्या पोराला पोलीस म्हणजे फक्त दंडुका माहीत होता, त्याने पोलिसाला शून्यावर बाद झालेले पाहिले. ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नाही. दोघांच्याही मनातल्या जुन्या चित्रात त्या दिवशी एक नवा रंग भरला गेला.

या मार्गावर आक्षेप आहेत आणि ते टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

पहिला आक्षेप असा की ओळख वाढली की लागेबांधे वाढतात. पोलीस ठाण्यात ज्याची ऊठबस आहे तो मोहल्ल्याचा दलाल होतो, खबऱ्या होतो, इतरांवर रुबाब करतो. हे आपण सर्वांनी पाहिले आहे. म्हणूनच ओळख कोणाशी, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. एका पुढाऱ्याशी असलेली ओळख भ्रष्ट होते. अनेकांशी, सर्वांसमोर, दोन्ही समाज एकत्र बसलेले असताना झालेली ओळख सहजासहजी भ्रष्ट होत नाही, कारण तिथे कानात सांगण्यासारखे काही उरत नाही.

दुसरा आक्षेप अधिक कडक आहे. दंगली ओळख नसल्यामुळे होत नाहीत, त्या घडवल्या जातात, असे म्हटले जाते. पेटवणाऱ्यांना शिक्षा झाली नाही, आयोगांचे अहवाल कपाटात गेले, आणि आता आम्हाला क्रिकेट खेळायला सांगता काय? हा राग आम्हाला समजतो आणि तो रास्त आहे. सलोखा ही इन्साफाऐवजी हातावर ठेवण्याची वस्तू नाही. ज्याचे घर जळाले त्याला आधी न्याय मिळाला पाहिजे, चहापान नंतर. पण पेटवणारा काडी टाकतो तेव्हा खाली गवत वाळलेले आहे की ओले, यानेही फरक पडतो. न्यायासाठी झगडत राहणे आणि गवत ओले ठेवणे ही दोन्ही कामे एकाच वेळी करावी लागतात. एकासाठी दुसरे थांबवले तर नुकसान आपलेच आहे.

तिसरा आक्षेप आमच्या वाचकांच्या मनात हमखास येईल. दर वेळी समजूतदारपणा आम्हीच का दाखवायचा? २०२३ मध्ये ईद-ए-मिलाद आणि अनंत चतुर्दशी एकाच दिवशी, २८ सप्टेंबरला आली. मुंबईत मुस्लिम संघटनांनी आपला जुलूस दुसऱ्या दिवशी काढला आणि शासनाने सुट्टीही २९ तारखेला दिली. २०२४ आणि २०२५ मध्येही हे दोन दिवस लागोपाठ आले आणि मुंबईचा जुलूस पुन्हा पुढे ढकलला गेला. काहींना यात माघार दिसली. आम्हाला तसे वाटत नाही. स्वतःच्या मर्जीने, मान राखून, वेळेवर घेतलेला निर्णय म्हणजे माघार नाही, ते मोठेपण आहे. मात्र मोठेपणाची एक अट असते. समोरच्याने तो आपला हक्क समजू नये. बंदोबस्ताला उभ्या असलेल्या अधिकाऱ्याने ही गोष्ट मनात नोंदवली पाहिजे आणि उद्या दुसऱ्या बाजूला थोडे थांबायला सांगायची पाळी आली, तर तितक्याच मोकळेपणाने सांगितले पाहिजे. सर्वांच्या सारखे जवळ असणे म्हणतात ते हेच.

आता भिवंडीचीच दुसरी बाजू. तीही सांगितलीच पाहिजे. जुलै २००६ मध्ये कब्रस्तानालगतच्या जागेवर पोलीस ठाण्याची इमारत उभी करण्यावरून तिथे वाद पेटला. ५ जुलैला पोलिसांच्या गोळीबारात दोन जण मरण पावले आणि त्याच रात्री जमावाने दोन पोलिसांचा जीव घेतला. गोळीबाराबद्दल प्रश्न विचारण्याचा हक्क आपल्याला आहेच. पण ड्युटीवर असलेल्या दोन शिपायांना घेरून मारणाऱ्या जमावाचे समर्थन कोणत्याही दीनी किंवा दुनियावी तत्त्वाने करता येत नाही. मारणाऱ्यांना ती दोन माणसे दिसली नसतील, फक्त वर्दी दिसली असेल. दंगलीत शिपायाला माणूस दिसत नाही, फक्त टोपी दिसते, अशी तक्रार आपण करतो. त्या रात्री तीच नजर आपल्या बाजूने फिरली.

१९९२ मध्ये शांत राहिलेले गाव २००६ मध्ये असे का वागले? कारणे अनेक असतील. एक कारण साध्या हिशेबात सापडते. २००६ मध्ये रस्त्यावर आलेला वीस वर्षांचा तरुण १९९२ मध्ये सहा वर्षांचा होता. त्याचे वडील समितीत बसले असतील, तो बसला नव्हता. त्याच्यासमोर उभा असलेला शिपाईही जुना नव्हता, पोलिसांच्या बदल्या होतच असतात. ओळख ही वारशाने मिळणारी जमीन नाही. प्रत्येक पिढीला आणि बदली होऊन आलेल्या प्रत्येक कर्मचाऱ्याला ती नव्याने कमवावी लागते. आपण इमारती बांधतो, समित्यांची नावे फलकावर रंगवतो आणि समजतो की काम झाले.

हीच गोष्ट आरोग्याच्या क्षेत्रातही दिसते. पश्चिम उत्तर प्रदेशातल्या मुस्लिम वस्त्यांत एके काळी पोलिओच्या डोसाबद्दल मोठ्या शंका होत्या. ज्या वस्तीत गटार नाही, डॉक्टर नाही, तिथे सरकार फक्त दोन थेंब घेऊन वारंवार दारात का येते, असे लोक विचारत. हा प्रश्न अडाणीपणाचा नव्हता. तिथे पोलिसी बळ चालले नसते. त्याच वस्त्यांतल्या बायकांना या कामात घेतले गेले. त्या घरोघरी बसून बोलल्या, स्वच्छता, स्तनपान, इतर लसी यांबद्दलही बोलल्या. उलेमांनी आवाहने केली, अलीगढ मुस्लिम विद्यापीठ आणि जामिया मिल्लिया यांसारख्या संस्थांनी साथ दिली. जानेवारी २०११ नंतर देशात पोलिओच्या रानटी विषाणूचा रुग्ण आढळला नाही आणि मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. पुढे २०२२ च्या अखेरीस गोवंडी, भिवंडी, मालेगाव इथे गोवराची साथ आली तेव्हा पुन्हा तोच धडा समोर आला. फक्त सुई घेऊन येणाऱ्या ताईला दार उघडायला लोक कचरतात. जी ताई बाळंतपणात येऊन गेली, जिने बाळाचे नाव विचारले, तिच्यासाठी दार उघडते.

शाळेकडे वळतो, कारण तिथे आमची स्वतःची जबाबदारी आहे. इंग्लंडमध्ये २००१ साली ओल्डहॅम, बर्नली आणि ब्रॅडफर्ड या शहरांत दंगली झाल्या. तिथेही दक्षिण आशियाई, विशेषतः पाकिस्तानी आणि बांगलादेशी मुसलमान कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. त्यानंतर टेड कँटल यांच्या समितीने जो अहवाल दिला, त्यात एक गोष्ट स्पष्ट मांडली. या शहरांतले समाज शेजारी राहूनही समांतर आयुष्ये जगत होते. शाळा वेगळ्या, वस्ती वेगळी, खेळ वेगळा. ब्रॅडफर्डमध्ये पुढे वेगवेगळ्या समाजांतल्या शाळांच्या जोड्या लावून मुलांना वर्षभरात पुन्हा पुन्हा भेटवण्याचा उपक्रम सुरू झाला.

समांतर आयुष्य म्हणजे काय, हे समजायला आम्हाला इंग्लंडला जाण्याची गरज नाही. आपल्या अनेक शहरांत महापालिकेच्या एकाच इमारतीत सकाळी एका माध्यमाची शाळा भरते आणि दुपारी दुसऱ्या माध्यमाची. चौथीत शिवाजी महाराजांचा इतिहास आमची मुले उर्दूतून शिकतात, तिकडची मराठीतून. बाक तोच, फळा तोच, पाठही तोच, फक्त घड्याळातली वेळ वेगळी. एक शाळा सुटते आणि दुसरी भरते, तेव्हा फाटकात दहा मिनिटे धक्काबुक्की होते. सात-आठ वर्षांत दोन्ही मुलांची ओळख तेवढीच. पुढे कोणी शिपाई होतो, कोणी रिक्षावाला, कोणी नर्स, कोणी यंत्रमागवाला, आणि मग त्यांची गाठ थेट वाईट वेळी पडते.

यावर उपाय करायला मोठा निधी लागत नाही. दोन मुख्याध्यापकांनी ठरवले तर दोन्ही शाळांचे विज्ञान प्रदर्शन एक होऊ शकते, खेळाचे संघ मिसळून पाडता येतात. वर्षातून एकदा राष्ट्रीय एकात्मतेचे नाटुकले बसवून, एकाला फेटा आणि एकाला टोपी घालून फोटो काढणे मात्र पुरे नाही. मुलांनी एकत्र काहीतरी काम केले पाहिजे, तेही पुन्हा पुन्हा. शिवाय आम्ही उर्दू शिक्षकांनी मराठी हा विषय पास होण्यापुरता न शिकवता बोलण्यासाठी शिकवला पाहिजे. ठाण्यात, दवाखान्यात, बँकेत आपली बाजू नीट मराठीत मांडू शकणारे मूल घाबरत नाही, आणि न घाबरणाऱ्या माणसाला आक्रमक व्हावे लागत नाही.

राहिला शेवटचा प्रश्न, न्यायाचा. मानधनावर राबणाऱ्या आशाताईवर, बारा-बारा तास उभ्या असलेल्या शिपायावर, निवडणूक आणि जनगणनेच्या कामांनी बेजार झालेल्या शिक्षकावर सलोख्याचे आणखी एक ओझे टाकणे योग्य आहे का? ओझे म्हणून टाकले तर योग्य नाही. या कामाला काम मानले तर योग्य आहे. बीटवरच्या हवालदाराने मोहल्ल्यात बसून घालवलेला तास वाया गेला असे त्याच्या वरिष्ठाला वाटत असेल, तर तो पुन्हा बसणार नाही. म्हणून तो तास ड्युटीत धरला पाहिजे. बदली होताना गुन्ह्यांच्या फायलींबरोबर माणसांची ओळखही नव्या अधिकाऱ्याच्या हाती सोपवली पाहिजे. प्रशिक्षणात कलमांबरोबर हेही सांगितले पाहिजे की शब-ए-बरातच्या रात्री लोक कब्रस्तानात का जातात, ईदची तारीख चंद्रावर का अवलंबून असते. सच्चर समितीनेही २००६ मध्ये सुचवले होते की पोलीस, आरोग्य, शिक्षण अशा, लोकांशी रोजचा संबंध येणाऱ्या सेवांत मुसलमानांचे प्रमाण वाढावे. आमच्या मुलांनी या नोकऱ्यांकडे वळावे, हेही आपण घराघरांत सांगितले पाहिजे.

आणि आपल्याही वाट्याचे काही काम आहे. नवा हवालदार, नवी सिस्टर, नवी ताई वस्तीत आली की आपण तिला पहिल्यांदा कधी भेटतो? तक्रार घेऊनच. तिला आधी एकदा काम नसताना भेटता येईल. मशिदीच्या कमिटीला, मंडळाला, शाळेच्या पालकसभेला तिला बोलावता येईल, चहा देता येईल, आपल्या मुलांची नावे सांगता येतील. हुकूकुल इबाद, म्हणजे माणसांचे माणसांवरचे हक्क, हा शब्द आपण तकरिरींत फार ऐकतो. दारात सेवेसाठी आलेल्या माणसाचाही आपल्यावर हक्क आहे. त्याला वर्दी म्हणून न पाहता माणूस म्हणून पाहावे, एवढा तरी हक्क नक्कीच आहे. तो हक्क आपण दिला, तर आपल्याला टोपी म्हणून न पाहता माणूस म्हणून पाहा, असे त्याला ठणकावून सांगण्याचा आपला अधिकारही बळकट होतो.

वाईट वेळ कोणालाच सांगून येत नाही. ती येईल तेव्हा उपयोगी पडेल ती चांगल्या वेळी केलेली ओळख. आज तुमच्या गल्लीत सारे शांत असेल, तर हीच ती चांगली वेळ आहे.